कडक लॉकडाऊन पाहिजे, आमची आळी वगळून

रत्नागिरीकराला बंधनांचं नवल कुणी सांगू नये. ज्यांना कुठेही जाऊ द्यायचं नाही अशी माणसं ठेवायला इंग्रज सरकारला अख्ख्या मुलखात आमचं गाव सापडलं होतं. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ साली इथे आला आणि १९१६ साली इथेच वारला. तीस वर्षांचं गृहविलगीकरण, तेही चाचणीचा अहवाल न मागता! सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत जिल्ह्याच्या हद्दीत होते. गंमत अशी की ते आले त्याच वर्षी इथे प्लेग आला आणि सरकारने त्यांना काही महिने नाशिकला जाऊन राहायची मुभा दिली. म्हणजे साथ आली की स्थानबद्धाला जिल्ह्याबाहेर सोडायचं, अशी त्या काळची रीत. कोरोनाची साथ आली तेव्हा मोकळ्या माणसाला जिल्ह्यात स्थानबद्ध केलं. आमचं म्हणणं एवढंच की जिल्ह्याबाहेर जायच्या ई-पासच्या बाबतीत साहेब जरा तत्पर होता.

अशा परंपरेच्या गावाला २०२१ च्या जूनमध्ये निर्बंधांचा चौथा स्तर मिळाला. ७ जूनपासून सरकारने पाच स्तर पाडले. शंभर चाचण्यांत किती पॉझिटिव्ह निघाले आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्या, ते बघून दर गुरुवारी गुण द्यायचे आणि सोमवारपासून निकाल लागू. त्या वर्षी दहावी-बारावीच्या परीक्षा रद्द झाल्या म्हणून ज्या घरांतली मुलं नाचली, त्याच घरांतली मोठी माणसं गुरुवारच्या निकालाकडे डोळे लावून बसू लागली. मुंबई तिसऱ्यात, आम्ही चौथ्यात. त्यात २१ जूनला तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितलं की राज्यात कोरोनाच्या डेल्टा प्लस प्रकाराचे २१ रुग्ण सापडले असून त्यांतले ९ रत्नागिरीतले आहेत. हापूसचं भौगोलिक मानांकन आम्हाला आणखी चार जिल्ह्यांबरोबर वाटून घ्यावं लागलं होतं. इथे मात्र पहिला नंबर निर्विवाद. संगमेश्वर तालुक्याचं नाव दिल्लीच्या वाहिन्यांवर झळकलं, ते उच्चारताना निवेदिकेची जीभ अडखळली, आणि आमच्या आळीत त्या उच्चारावर जेवढी चर्चा झाली तेवढी विषाणूवर झाली नाही.

आता त्याच्या आदल्या वर्षीचं, २०२० चं आठवा. मे महिन्यात कशेडी घाटात मुंबईहून येणाऱ्या गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. गावोगाव ग्राम कृती दलं स्थापन झाली. वेशीवर चिव्याचा बांबू आडवा पडला. देवळाच्या जीर्णोद्धाराला ज्याने मुंबईत दारोदार फिरून वर्गणी गोळा केली, त्याला देवळासमोरच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं, आणि सख्ख्या भावजयीने त्याचं ताट शाळेच्या पायरीवर ठेवून दहा पावलं मागे जाऊन हाक मारली. पुढे गणपतीसाठी चौदाचे दहा दिवस झाले आणि १२ ऑगस्टच्या आत गावी पोहोचा असं सांगण्यात आलं. गावाने त्यावरून नात्याची नवी व्याख्या केली. बाराला आला तो आपला, तेराला आला तो मुंबईकर.

२०२१ साली फोन उलट्या बाजूने वाजला.

"दादा, गणपतीला यायचं म्हणतोय. तुमच्याकडे बरं आहे ना?"

"बरं आहे की. काय होतंय इथे?"

"नाही, तो प्लसवाला तुमच्याकडे आहे म्हणतात. मी काय म्हणतो, आम्ही येतो, पण त्याआधी घरातल्या सगळ्यांनी टेस्ट करून घ्या. पोरं लहान आहेत आमची."

दादांचा संताप बघण्यासारखा होता. "आमच्याच घरात राहायला आमची टेस्ट?" आदल्या वर्षी हाच प्रश्न धाकट्याने शाळेच्या खिडकीतून विचारला होता. तेव्हा ग्राम कृती दलाचे सदस्य या नात्याने दादांनी त्याला परिपत्रकाची झेरॉक्स दाखवली होती.

तर सरकारने जिल्ह्यांचे स्तर पाडले, माणसांचे पाडायचे राहून गेले. ती उणीव या सदरातून भरून काढत आहोत.

पहिल्या स्तरात अभ्यासू माणसं येतात. आदेश व्हॉट्सअॅपवर रात्री अकराला यायचा. सकाळी सुधारित आदेश यायचा आणि ऐन जेवणाच्या वेळी दोन्हींचा खुलासा. बाकीचे लोक 'काय बंद?' एवढंच विचारायचे. अभ्यासू माणूस 'काय वगळलंय?' ते शोधायचा. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त लेखाधिकाऱ्यांनी एप्रिलपासूनचे सगळे आदेश तारखेवार फाइलला लावले होते. संध्याकाळी भाट्याच्या पुलावर फिरायला जाता येईल का, या प्रश्नावर त्यांनी तीन आदेश एकत्र वाचून असा निष्कर्ष काढला की फिरायला जाता येणार नाही, मात्र औषध आणायला जाता येईल. आणि औषधाचं दुकान किती लांबचं असावं याबद्दल आदेशात काही म्हटलेलं नाही. तेव्हापासून ते रक्तदाबाची गोळी रोज एक, अशी आणू लागले. पुलापलीकडून.

दुसऱ्या स्तरात बाजारपेठ. चौथ्या स्तराच्या जिल्ह्यात अत्यावश्यक दुकानं दुपारी चारपर्यंत उघडी होती, बाकीची बंद. पावसाळा तोंडावर आला तेव्हा पावसाळी साहित्यही अत्यावश्यक ठरलं, ते योग्यच झालं. १६ मेला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, कित्येकांची कौलं-पत्रे उडाले. ताडपत्री नको तर काय? पण अत्यावश्यक होणं इतकं सोपं आहे हे एकदा कळल्यावर राम आळीत कापडाच्या दुकानाबाहेर एक छत्री लटकली. मग चपलांच्या दुकानाबाहेर. मग इमिटेशन ज्वेलरीच्या. छत्री विकायची नव्हती, ती परवान्याची होती. एका गिऱ्हाइकाने खरोखरच तिची किंमत विचारली तेव्हा मालक ओशाळला.

आतला कारभार जवळून बघण्यासारखा होता. शटर गुडघ्यापर्यंत वर. गिऱ्हाईक कमरेत वाकून, छत्री मिटवून, डोकं आधी घालून आत शिरतं. कोपऱ्यावर उभ्या पोऱ्याला गोखले नाक्याकडून पोलिसांची गाडी दिसली की तो शटरवर दोन टिचक्या मारतो आणि शटर पूर्ण खाली. आत नवरीची साडी निवडायला आलेल्या सात बायका, दोन नोकर आणि मालक. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पंखा बंद. खोकला आला तर पदर तोंडात कोंबायचा. गर्दी होऊ नये म्हणून काढलेल्या आदेशाने दहा माणसं वारा नसलेल्या खोलीत अर्धा तास एकमेकांचा श्वास घेत बसतात. सरकारने ठरवून खर्च केला असता तरी विषाणूची याहून चांगली सोय झाली नसती.

किराणावाल्यांचं दुःख वेगळं. आमच्याकडे दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवून वामकुक्षी करण्याची पिढीजात पद्धत. दुपारी तीनला कुणी साखर मागितली तर 'घरात कुणी गेलंय का?' अशा नजरेने बघणारा दुकानदार निवेदन घेऊन हिंडू लागला की चार ही वेळ अन्यायकारक आहे, धंदा खरा दुपारीच असतो. चारपर्यंत मुभा मिळाल्यापासून तो चारपर्यंत जागा राहू लागला. घराण्यातला पहिलाच.

तिसऱ्या स्तरात मंगलकार्यवाले. एप्रिलच्या २२ तारखेपासून लग्नाला २५ माणसं आणि दोन तास, एवढीच मुभा होती. मोडलं तर ५०,००० रुपये दंड. कोकणात पंचवीस म्हणजे नुसती भावकी उठून उभी राहिली तरी निम्मी बाहेर. पंचविसात भटजी धरायचे का? वाजंत्री? नवरा-नवरी तरी धरायचे का? एका घरात यावर दोन रात्री खल झाला आणि अखेर नवऱ्या मुलाचा मामा यादीतून गळाला, तो अजून बोलत नाही. दुसऱ्या एका घरातल्या कर्त्या माणसाला मात्र वाट सापडली. लग्न दोन तासांत पंचवीस माणसांत उरकलं. मांडव मात्र परसदारी होता आणि पंगती पंचवीस-पंचवीसच्या पाडल्या. सकाळी अकरापासून दिवे लागेपर्यंत त्या उठत होत्या. "कुठल्याही क्षणी येऊन मोजा," यजमान सांगत होते, "पंचविसाच्या वर एक माणूस सापडला तर दंड भरतो." आमटीला आदेश लागू नव्हता, ती दिवसभर उकळत राहिली.

शिमग्यालाही हेच. मार्चअखेर रुग्ण वाढू लागले होते, पालखीबरोबर मोजकी माणसं असावीत असं ठरलं. पालखी मोजक्यांच्याच खांद्यावर होती. बाकीचा गाव ती बघायला उभा होता, आणि बघणाऱ्यांना कुणी मोजत नव्हतं. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, "देवा महाराजा, या वाडीवर जी काय रोगराई येत असेल ती सीमेपार कर." सीमेपार म्हणजे पलीकडच्या वाडीत. तिथेही त्याच सुमारास तेच गाऱ्हाणं चाललं होतं. "व्हय महाराजा" दोन्हीकडून सारख्याच जोराने उमटलं. आदेश एकाच वेळी दोन्ही बाजूंनी लागू झाल्यावर देवानेही काय ते स्पष्टीकरण यथावकाश कळवायचं ठरवलं असावं.

चौथ्या स्तरात इतिहासप्रेमी. आदेशाच्या सुरुवातीलाच साथरोग कायदा, १८९७ असा उल्लेख असायचा. तो वाचून यांचं रक्त उसळायचं. टिळकांचा जन्म इथला, १८५६ सालचा. त्यामुळे हा कायदा आम्हाला घरच्या भांडणासारखा आहे. "याच कायद्याच्या साली पुण्यात प्लेगच्या निमित्ताने रँडने घरात शिपाई घुसवले, टिळकांनी केसरीतून आसूड ओढले, अठरा महिन्यांची शिक्षा घेतली! आणि तुम्ही मला मास्क नाकावर घ्यायला सांगता?" हे वाक्य मारुती मंदिरच्या नाक्यावर एका तरुणाने मास्क हनुवटीवर ठेवून ऐकवलं. हवालदाराने पावती फाडली. टिळकांना अठरा महिने, याला पाचशे रुपये. जुलूम पूर्वीच्या मानाने बराच सौम्य झालाय.

टिळकांच्या चरित्राची पुढची पानं मात्र या स्तरात कुणी उलटलेली दिसत नाहीत. बडी बडी मंडळी पुणं सोडून जात असताना टिळक पुण्यातच राहिले. प्लेगचं रुग्णालय उभं करण्यात पुढे झाले, विलगीकरणाच्या छावणीतल्या लोकांच्या जेवणाची सोय पाहिली. त्यांचा राग सोजिरांच्या दांडगाईवर होता. साथ आवरायला त्यांची ना नव्हती. १९०३ साली त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगनेच गेला. एवढं वाचायला जितका वेळ लागतो तितक्यात मास्क हनुवटीवरून नाकावर नेऊन परत आणताही येतो.

याच मंडळींचं दुसरं तत्त्व म्हणजे चाचणी केली की पॉझिटिव्ह येतो, तेव्हा चाचणीच नको. यात एक गोम आहे, ती समजून घ्यावी. स्तर ठरायचा तो शंभर चाचण्यांत किती निघाले यावर. सर्दी-तापाची माणसं घरी काढा पीत बसली आणि धाप लागलेलीच तेवढी दवाखान्यात गेली, तर शंभरातला आकडा फुगणारच. तेव्हा जो चाचणी टाळायचा तो स्वतःच्या हाताने जिल्ह्याला वरच्या स्तरात नेऊन बसवायचा आणि मग आपल्याच बंद दुकानाच्या पायरीवर बसून सरकारला शिव्या घालायचा. राज्यातला डेल्टा प्लसचा पहिला मृत्यू याच जिल्ह्यात नोंदला गेला. त्या दिवशी दोन तास सगळे गंभीर होते. नंतर नेहमीप्रमाणे दुपार झाली.

आणि आता पाचवा स्तर. सगळ्यांत वरचा, सगळ्यांत सुसंस्कृत. 'कडक करा' म्हणणारे.

२ जूनपासून आठवडाभर जिल्ह्यात कडक लॉकडाऊन झाला, तेव्हा या स्तरात समाधानाची लाट होती. त्याच्या आदल्या दिवशी ही सर्व मंडळी बाजारात होती. आगोटीचे, पावसाळ्याच्या बेगमीचे दिवस. सोडे, सुकट, आमसुलं, मिरच्या, बारीक मीठ, जाडं मीठ. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, कोपराने वाट काढत एक काका घरी परतले आणि पाय धुता धुता म्हणाले, "काय गर्दी, काय गर्दी! लोकांना अक्कल म्हणून नाही. कडकच पाहिजे." गर्दी मोजताना मोजणाऱ्याने स्वतःला वगळायचं असतं, हा संख्याशास्त्राचा नियम त्यांनी पाळला होता.

बरेच दिवस निरीक्षण करून आम्हीही एक नियम बसवला आहे. लॉकडाऊनची आवड पगाराच्या तारखेला बांधलेली असते. ज्याच्या खात्यात पहिल्या तारखेला न चुकता पैसे पडतात त्याला तो कडक लागतो. ज्याचा हिशेब आठवड्याच्या बाजाराला होतो त्याला जरा सैल. आणि ज्याच्या हातात संध्याकाळी पैसे पडले तर रात्री चूल पेटते, त्याला तो नकोच असतो. विषाणूबद्दलचं ज्ञान तिघांचं सारखंच आहे, मोबाइलवर आलेलं. पण पहिला दुसऱ्याला बेजबाबदार म्हणतो, दुसरा तिसऱ्याला अडाणी म्हणतो, आणि तिसऱ्याला कुणाला काही म्हणायला फुरसत नाही. एप्रिलमध्ये परवानाधारक रिक्षावाल्यांना, नोंदणी असलेल्या फेरीवाल्यांना सरकारने १,५०० रुपये जाहीर केले. सलूनवाल्याचं त्या यादीत नाव नव्हतं. त्याच्याकडे केस कापून घेता येत नाहीत म्हणून हळहळणारे बरेच भेटले. तो काय खातो, हे विचारणारा भेटला नाही.

आणि हे हातावर पोट असलेले लोक बंदी पाळत नाहीत म्हणावं, तर मिरकरवाड्याला जा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. दर साली. होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, जाळी शिवायला घेतलेली. त्या साली वादळाने आधीच हातातोंडाशी आलेला हंगाम हिसकावलेला, तरी बंदी आहे म्हणजे आहे. का? तर मासळी विणीला लागते, तिला दोन महिने सोडलं तर पुढे जाळ्यात येते, हा हिशेब अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या खलाशालाही तोंडपाठ असतो. शिवाय बंदी सगळ्यांना एका दिवशी लागते आणि एका दिवशी उठते. आपली होडी किनाऱ्याला असताना दुसऱ्याचा ट्रॉलर समुद्रात दिवे लावून फिरताना दिसला, की मग डोकं फिरतं.

आता असे ट्रॉलर त्या वर्षी किती दिसले ते आठवून पाहा. आम्ही एप्रिलमध्ये अंत्ययात्रेची माणसं बोटांवर मोजत होतो, तेव्हा पंढरपुरात पोटनिवडणुकीच्या सभा चालल्या होत्या, बंगालमध्ये मैदानं भरत होती आणि हरिद्वारला कुंभात लाखोंनी बुड्या मारल्या. टीव्हीवर हे बघत बसलेल्या माणसाला त्याच टीव्हीवर पुढच्या मिनिटाला 'मी जबाबदार' अशी जाहिरात दिसली. त्याने ती मान्य केली, फक्त पुढे 'एकटाच का?' एवढं जोडलं. हनुवटीवरचा मास्क आणि शटरमागची साडी यांचं समर्थन आम्ही करत नाही. तो शहाणपणा नाहीच. पण नियम पाळण्याचं शिक्षण वरून खाली यायचं असतं, आणि ते वाटेत कुठल्यातरी सभामंडपात अडकलं.

तरी दोष सरकारच्या पदरात घालून हात झटकण्याइतके आम्ही भाबडे नाही. प्रत्येक स्तरातल्या प्रत्येकाला बंधनं मान्यच आहेत. लेखाधिकाऱ्यांना दुकानदार बंद हवेत, दुकानदाराला लग्नं, लग्नवाल्याला सभा, दादांना मुंबईकर आणि मुंबईकराला दादा. एकमेकांच्या वाटची बंधनं एकत्र केली तर आदर्श लॉकडाऊन तयार होतो. अडचण एवढीच की तो पाळणारा माणूस शिल्लक राहत नाही, सगळे देखरेखीवर असतात.

तिसरी लाट येणार असं तेव्हा म्हणत होते. गणपती १० सप्टेंबरला होते. म्हणजे निवेदनं पुन्हा जाणार होती, काहींची 'कडक करा' म्हणून, काहींची 'उघडा' म्हणून. जिल्हा प्रशासनाला नम्र सूचना, की कुठलंही निवेदन स्वीकारण्यापूर्वी दोन कलमं त्यावर सहीसाठी घालावीत. एक, जो कडक लॉकडाऊन मागेल त्याने तेवढ्या दिवसांची एका घराची मजुरी आगाऊ भरावी. घर प्रशासन निवडेल. रिक्षावाल्याचं, सलूनवाल्याचं, पाटी डोक्यावर घेऊन दारोदार मासळी विकणारीचं. दोन, जो सगळं उघडा म्हणेल त्याने कोविड रुग्णालयाच्या आवारात एक रात्र काढावी. आत जायचं नाही, फक्त बाहेर नातेवाइकांबरोबर बाकावर बसायचं, आणि पहाटे नाव पुकारलं की ज्याचं आहे त्याला उठवायचं.

दोन्ही कलमं छापून ठेवा. निवेदनाचा गठ्ठा त्या आठवड्यात किती हलका होतो ते बघा. आणि जी दोन-चार निवेदनं खाली सह्या करून उरतील, ती मात्र नीट वाचा. पुढचा आदेश त्यांनाच विचारून काढा, म्हणजे सकाळी तो सुधारावा लागणार नाही.